बुवांची बारी ठेवायची की रद्द करायची? आणि लेकीशी काय बोलू?

प्रश्न: खाडीकाठचा (देवगड तालुका)

मंडळी, थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा.

मी आमच्या गावच्या देवळाच्या उत्सव समितीचा खजिनदार. मार्चात देवळाचा वर्धापन दिन असतो, त्या रात्री आम्ही डबलबारी ठेवतो. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो: दोन बुवा, दोघांची भजनी मंडळं समोरासमोर, पेटी, पखवाज, झांजा, आणि रात्री दहाला बसलेली बारी कोंबडा आरवेपर्यंत चालते. आमच्या सिंधुदुर्गात चांगल्या बुवाला जो मान आहे तो सिनेमातल्या नटाला नाही. चाकरमानी लोकलमध्ये यूट्यूबवर त्यांचे गजर ऐकतात, पोरं रिंगटोन लावतात. ज्या बुवांबद्दल लिहितोय त्यांचं नाव घेत नाही. त्यांची बारी दोन वर्षांपूर्वीही आमच्याकडे झाली होती आणि सगळं आवाठ (आमची वाडी) लोटलं होतं. म्हणूनच यंदा पुन्हा सुपारी दिली. २५ हजार ठरले, त्यातले १० हजार मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन हातात दिले.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी एका मुलीने फेसबुकवर पोस्ट टाकली. ती त्यांच्याकडे पेटी शिकायची, कोरसला बसायची. आता बावीस वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी बुवांनी गैरवर्तन केलं, रात्री-अपरात्री मेसेज केले, गाडीत अंगचटीला आले, असं तिचं म्हणणं. अर्ध्या तासात गावच्या ग्रुपवर आलं. सबंध पोस्ट कुणी टाकली नाही. पहिल्या चार ओळींचा स्क्रीनशॉट फिरला, त्याच्या खाली ‘अधिक वाचा’ तसंच दिसत होतं. मग कुणीतरी तिचा कॉलेजच्या कार्यक्रमातला फोटो शोधून टाकला. मग सुरू झालं. ‘ह्या चेडवाक आताच कसा सुचला?’ ‘खरा असता तर तेवाच बोलला नसता?’ ‘पैशे व्हये असतीत.’ ‘कपडे बघा आधी.’ दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसेक जणांच्या स्टेटसला बुवांचा फोटो, खाली ‘आम्ही बुवांसोबत’. समोरच्या बुवाच्या माणसांना तर दिवाळीच झाली. त्यांनी बुवांच्याच गजराच्या चालीवर घाणेरड्या ओळी रचून व्हिडिओ सोडले. तेही मुलीच्या बाजूचे नव्हते हे मला नंतर कळलं. त्यांना बारी जिंकायची होती, एवढंच.

२०१८ सालच्या ऑक्टोबरात ‘मी टू’ झालं तेव्हा आम्ही देवळाच्या पारावर बसून म्हणायचो, ही सिनेमावाल्यांची, पेपरवाल्यांची भानगड. केंद्रातल्या एका मंत्र्याला पद सोडावं लागलं, तरी ती दिल्लीची गोष्ट होती. आता माणूस आपला आहे. त्याने माझ्या ओटीवर बसून कुळथाची पिठी-भात खाल्लाय.

आता खरी गोष्ट लिहितो, जिच्यासाठी झोप उडाली आहे. त्या गुरुवारी चहा पिताना मी बायकोला मोठ्याने म्हणालो, ‘दोन वर्षं काय झोपली होती ती? आताच कसं सुचलं?’ माझी मुलगी बारावीला आहे. ती माजघरात पेटी घेऊन बसली होती. तिचा क्लास दुसऱ्या गुरुजींकडे आहे, त्या बुवांकडे नाही. अभंगाचं ध्रुपद घोळवत होती. माझं वाक्य संपलं आणि पेटी थांबली. भात्यात उरलेली हवा सावकाश बाहेर गेली, तो बारीक सूर मला ओटीवर ऐकू आला. मग खटके लावल्याचा आवाज. तिने पेटी खोळीत घालून कपाटावर ठेवली ती आजतागायत तिथेच आहे. क्लासला जात नाही. ‘बारावीचा अभ्यास आहे,’ म्हणते. ‘काही झालंय का गं?’ विचारलं तर ‘काही नाही’ म्हणते.

काही झालं असेल असं मला वाटत नाही. पण झालंच असतं, तर ती मला सांगायला आली असती का? माझं ते वाक्य ऐकल्यावर नसती आली. हे मला छातीत रुतल्यासारखं झालंय.

तेव्हा दोन गोष्टी विचारतोय. रविवारी समितीची सभा आहे. बारी ठेवावी का? आणि पोरीशी काय बोलू?

उत्तर: लालबागचा चाकरमानी

भाऊ, तुमची तळमळ कळली. पण माझं ऐका. मी सोळा वर्षं भजनात चकी (तालाचं वाद्य) वाजवली आहे. एका बुवामागे दहा-बारा घरं चालतात. पखवाजी, झांजवाला, कोरस, टेम्पोवाला. मार्च ते मे हीच कमाईची वेळ. एका पोस्टवर सुपाऱ्या रद्द व्हायला लागल्या तर बुवा एकटा मरत नाही.

हे उगाच नाही बोलत. माझा सख्खा काका शाळेत मास्तर. त्याच्यावर असाच आळ आला होता. चौकशी झाली, सुटला, कामावर परत घेतलं. पण त्या दीड वर्षात तो घराच्या पावटीवरून (पायरीवरून) उतरून बाजारात गेला नाही. काकी मासे आणायला जायची तर कोळणीसुद्धा तिच्याशी बोलताना मान खाली घालायच्या. सुटल्याचा कागद काकाने फ्रेम करून भिंतीला लावला. कुणी बघायला आलं नाही.

म्हणून म्हणतो, ज्याला आपण ओळखतो त्याला आधी विचारा. बुवांना फोन केलात का? दोन्ही बाजू ऐका, तपास होऊ द्या, मग ठरवा. पोरगी खोटी असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही. फोटो टाकणाऱ्यांना मात्र ग्रुपमधून काढाच, तो नीचपणा आहे.

उत्तर: वकीलताई (रत्नागिरी)

चाकरमानी दादा, काकांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्याच उदाहरणात बघा, काकांची चौकशी झाली. कुणीतरी तक्रार ऐकून घेतली, कागद झाला, म्हणून तर सुटल्याचा कागदही मिळाला. इथे ग्रुपने अर्ध्या तासात निकाल दिला, आणि तोही चार ओळी वाचून. बुवा निर्दोष असतील तर अशा निकालाचा त्यांनाही उपयोग नाही.

‘आताच कसं सुचलं’ हा प्रश्न मी कोर्टाच्या आवारात रोज ऐकते, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. १९९२ मध्ये राजस्थानात भंवरीदेवी नावाच्या साथिनीवर (गावात काम करणाऱ्या सरकारी कार्यकर्तीवर) बालविवाह रोखायला गेल्याबद्दल सामूहिक बलात्कार झाला. तिने गप्प न बसता लगेच तक्रार केली. तरी १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना त्या आरोपातून सोडलं. लगेच बोलल्याने विश्वास बसतो असं काही नाही. तिच्या प्रकरणावरून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं. देशाला सोळा वर्षं लागली आणि मुलीला आपण दोन वर्षांचा हिशेब विचारतो.

त्या कायद्यात तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने आहे. कारण पटलं तर तक्रार ऐकणारी समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. भजनी मंडळ त्यात बसतं असं माझं मत आहे, पण ही समिती असते हे आपल्याकडे किती जणींना माहीत आहे? दोन वर्षं उलटल्यावर ते दार जवळपास बंद झालं. पोलिसांचं दार मात्र बंद नाही. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-अ, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७५. स्पर्श आणि नको असलेली लगट यांना त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि कोर्टाने दखल घेण्याची मुदतही तीन वर्षांची आहे. म्हणजे ती वेळेत आहे.

तुम्ही ज्या मंत्र्यांचा उल्लेख केलात ते एम. जे. अकबर. त्यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर बदनामीचा खटला भरला. रमाणी ज्या भेटीबद्दल बोलल्या ती १९९३ ची होती, म्हणजे पंचवीस वर्षं जुनी. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या कोर्टाने रमाणींना निर्दोष सोडलं आणि निकालात लिहिलं की बाईला आपली तक्रार कितीही वर्षांनी, तिला हव्या त्या व्यासपीठावर मांडण्याचा हक्क आहे. फेसबुकसुद्धा त्यात आलं.

खोट्या तक्रारीची भीती कायद्यानेही ओळखली आहे. २०१३ च्या कायद्यात जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची तरतूद आहे. पण त्याच कलमात हेही आहे की तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून तक्रार करणारीवर कारवाई करायची गरज नाही. मी हे वाक्य माझ्या अशिलांना दोनदा वाचून दाखवते.

बारीचं म्हणाल, तर रद्द करणं म्हणजे शिक्षा नव्हे. देवळाच्या समितीला कुणाला बोलवायचं ते ठरवण्याचा अधिकार आहे. ‘चौकशी होईपर्यंत थांबतो’ एवढं बुवांना साध्या शब्दांत कळवा. दोषी म्हणू नका, निर्दोषही म्हणू नका. आणि ग्रुपवरचा फोटो आजच्या आज काढायला लावा.

उत्तर: वेंगुर्ल्याची भजनी

मी आमच्या महिला भजन मंडळात पेटीवर बसते. वय सत्तेचाळीस. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

एकोणीस वर्षांची असताना मी हौशी नाटकात काम करायचे. नाटक बसवणारे गृहस्थ गावात देवमाणूस म्हणून प्रसिद्ध. तालमीनंतर त्यांनी जे केलं ते इथे लिहीत नाही. घरी सांगितलं. वडील मला घेऊन देवळात गेले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. मी ओल्या फरशीवर उभी होते, पाय गारठले होते, आणि सगळे देवाकडे बघत होते, माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. कौल उजवा आला. म्हणजे मी खरी. वडिलांनी हात जोडले, आम्ही घरी आलो, आणि विषय संपला. पुढच्या जत्रेला त्याच देवळासमोर त्याच गृहस्थांचं नाटक झालं. वडील पहिल्या रांगेत बसले. मी पुन्हा रंगमंचावर गेले नाही. पेटीवर बसायला मला पस्तिशी गाठावी लागली.

वडील वाईट नव्हते. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. पण तो त्यांनी चार माणसांत कधी बोलून दाखवला नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

खाडीकाठचे भाऊ, म्हणून लेकीचं सांगते. तिला खोदून विचारू नका. ‘तुझ्याबाबतीत काही झालंय का’ हे तुम्ही एकदा विचारलंत, पुरे. ज्या जागी ते वाक्य बोललात त्याच जागी, तशाच मोठ्या आवाजात, बायकोसमोर म्हणा की मी चुकीचं बोललो. तिच्याकडून उत्तराची वाट बघू नका. पेटी कपाटावरून काढून देऊ नका, ती तिची ती काढेल.

आणि सभेत एक मुद्दा मांडा, सगळ्या समित्यांना सांगते. बारी पहाटे संपते. मंडळातल्या मुली कुठल्या गाडीने जातात, कुठे कपडे बदलतात, लघवीला कुठे जातात, हे सुपारी देताना कुणी विचारतं का? केरळात सिनेमातल्या बायकांसाठी न्यायमूर्ती हेमा समिती नेमली होती. तिचा अहवाल २०१९ च्या शेवटच्या दिवशी सरकारकडे गेला आणि लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ लागला. त्यात मोठ्या नटांच्या गोष्टींबरोबर हेसुद्धा होतं, की सेटवर बायकांना संडास नाही, कपडे बदलायला खोली नाही. मला तो अहवाल लांबचा वाटला नाही. आम्ही साड्या बदलतो त्या कुणाच्या तरी गोठ्यामागे, दोघींनी चादर धरून.

खाडीकाठचा (देवगड तालुका)

सगळ्यांचे आभार. रविवारची सभा झाली. सांगतो.

सभामंडपात तीसेक माणसं होती. मी उठून वकीलताईंचं म्हणणं माझ्या शब्दांत मांडलं. आवाज कापत होता. दोघं-तिघं उठून गेले. एक बुजुर्ग म्हणाले, ‘देवाक कौल लावया, तोच सांगात.’ मी म्हटलं, कौल आपण पावसासाठी लावतो, पालखीसाठी लावतो, माझी श्रद्धा आहे. पण ह्या मुलीचं आधी आपण पूर्ण ऐकून तरी घेऊया. तेव्हा माझ्याच लक्षात आलं की मीही ऐकलेलं नाही. शेवटी बारी पुढे ढकलायची ठरलं, यंदा गावातल्याच भजनावर भागवायचं. फोटो टाकणाऱ्याने तो काढला, कुरकुरत का होईना.

बुवांना फोन मीच केला. चाकरमानी भाऊंनी सांगितलं म्हणून त्यांची बाजू विचारली. म्हणाले, ‘सगळं खोटं आहे, तुम्ही मला ओळखता.’ मी एवढंच म्हटलं की चौकशी होऊ दे, आम्ही थांबतो. १० हजार परत मागितले नाहीत.

घरी आलो. चहाच्या वेळी, त्याच खुर्चीत बसून म्हणालो, ‘त्या दिवशी मी बोललो ते चूक होतं. मला काही माहीत नसताना बोललो.’ बायकोने कप खाली ठेवला. आतून काहीच आवाज आला नाही. वेंगुर्ल्याच्या ताईंनी बजावलं होतं म्हणून गप्प बसलो, नाहीतर आत गेलो असतो.

रात्री जेवल्यावर मुलगी ओटीवर आली. म्हणाली, ‘बाबा, तुम्ही ती पोस्ट पूर्ण वाचलीत?’ नव्हती वाचली. तिने मोबाईल काढला आणि आम्ही दोघांनी वाचली. ‘अधिक वाचा’च्या खाली बरंच होतं. बुवांनी पेटी किती मनापासून शिकवली हेही त्या मुलीने लिहिलं होतं. आणि गाडीतला तो प्रसंग कधीचा, तेही होतं. वर्धापन दिनाच्या बारीनंतर परतताना. गावाचं नाव आमचं.

मला ती पहाट आठवली. साडेचारचा सुमार. मी मंडळाच्या माणसांना चहा देत होतो. स्टीलचा ग्लास दोन्ही हातांत धरून एक मुलगी माझ्याकडे आली, अंगावर निळी शाल. म्हणाली, ‘काका, कणकवलीला जाणारी दुसरी गाडी आहे का?’ मी हातातलं काम सोडलंही नाही. म्हणालो, ‘दुसरी कशाला? बुवांची आहे ना. आपल्याच माणसांत जातेस.’ ती क्षणभर थांबली. ग्लास तसाच भरलेला बाकावर ठेवून गेली.

हे मी लेकीला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण उठूनही गेली नाही.

वकीलताई, आता मी काय करायचं?

वकीलताई (रत्नागिरी)

आधी सगळं कागदावर लिहून काढा. तारीख, वेळ, कुठे उभे होतात, तिने नेमके कोणते शब्द वापरले, तुम्ही काय उत्तर दिलंत, आजूबाजूला कोण होतं. जे आठवत नाही ते आठवत नाही असंच लिहा, एक शब्द वाढवू नका. गाडीत काय झालं ते तुम्ही पाहिलेलं नाही, तेव्हा त्याबद्दल काही लिहू नका. पण त्या पहाटे ती दुसरी गाडी शोधत होती, ही गोष्ट तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकली आहे, आणि तिने तक्रार दिली तर तपासात तिला किंमत आहे. समितीच्या जमाखर्चाच्या वहीत त्या रात्रीच्या चहाची, गाड्यांच्या पेट्रोलची नोंद असेल, ती वही जपून ठेवा.

मुलीला स्वतः फोन करू नका. अनोळखी काका माफी मागतोय, त्याचाही तिला आता ताण होईल. तिच्या ओळखीच्या एखाद्या बाईकडून एवढाच निरोप पाठवा की तुम्ही साक्ष द्यायला तयार आहात. पुढे काय करायचं ते ती ठरवेल.

खाडीकाठचा (देवगड तालुका)

वही सापडली. चहा-साखर ६४० रुपये, दुधाचे वेगळे. गाड्यांच्या रकान्यात माझ्याच अक्षरात एकच नोंद आहे, बुवांच्या गाडीचं पेट्रोल. दुसरी गाडी आम्ही ठरवलीच नव्हती.

दोन पानं लिहून झाली. लेकीने वाचली आणि एका जागी बोट ठेवलं. मी ‘मुलगी घाबरलेली वाटली’ असं लिहिलं होतं. म्हणाली, ‘हे तुम्हाला तेव्हा वाटलं होतं की आता वाटतंय?’ मी ते वाक्य खोडलं. निरोप वेंगुर्ल्याच्या ताईंच्या ओळखीतून पाठवतोय. चाकरमानी भाऊ, त्या रात्री समोरच्या मंडळात चकी वाजवायला कोण होतं ते तुम्हाला कळलं तर मला कळवा. तोही तिथे चहाला उभा होता.